सुनंदाला माझं पटू लागलं

दीर्घ आणि समंजस सहवासानंतर पत्नीला पतीचं म्हणणं मनापासून पटू लागतं आणि यालाच यशस्वी संसार म्हणतात. हा विचार मी बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर, गळ्यात हार घालून घेऊन, माइकवरून मांडला होता. टाळ्याही पडल्या. पुढे कळलं की ते पटणं संसारामुळे नव्हतं. रक्तात कॅल्शियम जास्त झाल्यामुळे होतं.

आमची सुनंदा मुळात पटवून घेणाऱ्यांतली नाही. मी "आज उकडतंय" म्हटलं तर ती आधी हात बाहेर काढून खात्री करते. माझी मतं ती मेथीसारखी निवडते. बरीचशी टाकून देते.

ही बाई गेल्या वर्षी हळूहळू "बरं" म्हणू लागली. सोफा खिडकीखाली हलवू या? "बरं." माझ्या भावाला गणपतीत सहकुटुंब राहायला बोलावू? "बरं." मी बाथरूममध्ये गातो, त्याऐवजी हॉलमध्ये पेटी घेऊन बसू? "बरं." (इथे तरी मला संशय यायला हवा होता!) मी मात्र मनातल्या मनात सत्काराला उभा राहिलो.

ती थकते, दुपारभर आडवी होते, हाडं दुखतात म्हणते, सारखं पाणी पिते, हे मला दिसत होतं. निदान मीच केलं.

"सुनंदा, तुला कॅल्शियम कमी पडतंय."

"बरं."

झालं! सकाळी नाचणीचं सत्त्व, जेवणानंतर केमिस्टकडून आणलेली गोळी, संध्याकाळी तिळाचा लाडू, झोपताना दूध आणि रविवारी काट्यांसकट मांदेली. मांदेली हिराबाई कोळणीकडची. सुनंदा आणि हिराबाई यांची घासाघीस हा आमच्या मार्केटमधला जुना कार्यक्रम. लोक पिशव्या खाली ठेवून ऐकतात. त्या रविवारी सुनंदाने भाव विचारला, तेवढे पैसे दिले आणि चालू लागली. हिराबाईने मला हाक मारली.

"ओ शेट! बाय माझ्यावर रागावली काय?"

"नाही हो. का?"

"मी भाव सांगितला नि तिने दिला! असा कुनी देतो काय?"

"हिराबाई, ती आता समंजस झाली आहे."

"समंजस?" हिराबाईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच शिळा निघालो. "तुमी तिला आधीसारखी करून आना. मना धंद्यात मजा नाय येत."

मी हसून सोडून दिलं. गोळ्या आणताना केमिस्टने एक तपासणीचं पॅकेज गळ्यात मारलं होतं, त्याचा रिपोर्ट फोनवर आला. कॅल्शियमच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण! आमच्या घराण्यात कागदावरचा आकडा जास्त म्हणजे पेढे, ही रीत माझ्या वडिलांच्या शाळेपासूनची आहे. सुनंदाने तर वरची मर्यादाच ओलांडली होती, म्हणजे शंभरपैकी एकशे दहा! मी तडक पेढे आणले. योगायोगाने त्याच संध्याकाळी माझं ते 'यशस्वी संसार' भाषण होतं.

"पेढे कशाबद्दल?" कट्ट्यावर सगळे विचारू लागले.

"सुनंदाचं कॅल्शियम वाढलं!"

"अरे वा! झकास!" लोकांनी हात मिळवले. दोघींनी नाचणीच्या सत्त्वाची कृती मागितली आणि मी ती माइकवरून दिली.

भाषणाला माझी मेहुणी सुलू मुलुंडहून आली होती. सुलू म्हणजे सुनंदाचीच धाकटी आवृत्ती, फक्त छपाई ठळक. ती एका हातात पेढा तसाच आणि दुसऱ्या हातात माझ्या फोनवरचा रिपोर्ट धरून माझ्यापुढे उभी राहिली.

"भाऊजी, साखर वाढली असती तरी पेढे वाटले असतेत का?"

"अगं, कॅल्शियम चांगलं असतं."

"मीठही चांगलं असतं. घालू का वाटीभर आमटीत? आणि इथे खाली लिहिलंय, डॉक्टरांना दाखवा."

"ते सगळ्यांनाच लिहितात."

"परवा मी ताईला फोनवर म्हटलं, आईच्या पाटल्या माझ्याकडेच राहू देत. काय म्हणाली माहितेय?"

"काय?"

"बरं म्हणाली!" आणि सुलूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या पाटल्यांवरून या दोघी आई गेल्यापासून भांडत होत्या. मी गळ्यातला हार काढून ठेवला.

सुलूनेच हार्मोन्सच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. नंबर यायला अवकाश होता. सुलू पाण्याची बाटली भरायला गेली तेव्हा सुनंदा हळूच म्हणाली, "अहो, मला आईसारखं होतंय का?"

शेवटी शेवटी माझ्या सासूबाई स्वतःच्या मुलींनाही ओळखत नव्हत्या.

"काहीतरीच काय!"

"दोनदा गॅस चालू राहिला. शेजारच्या वहिनींचं नाव आठवत नाही. कोण काय म्हणालं ते डोक्यात थांबतच नाही, म्हणून बरं म्हणते. भांडायला लक्षात राहावं लागतं हो."

मला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी चटपटीत सुचतं अशी माझी ख्याती आहे. तेव्हा मी नुसता तिच्याजवळ सरकून बसलो.

डॉक्टरांनी कॅल्शियम पुन्हा तपासायला सांगितलं, सोबत आणखी काही तपासण्या, मग स्कॅन. सगळे रिपोर्ट आल्यावर त्यांनी समजावलं. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. रक्तात कॅल्शियम किती हवं यावर लक्ष ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. सुनंदाची एक ग्रंथी फुगली होती आणि गरज नसताना हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात ओतत होती. तिच्या उत्साहापुढे उरलेल्या तिघी गप्प बसल्या होत्या.

"म्हणजे रक्तात भरपूर आणि हाडं रिकामी?" सुलूने विचारलं.

"बरोबर."

आमच्या सोसायटीच्या कमिटीतही असाच एक सभासद आहे. त्याला कोणी सांगितलेलं नसतं, तरी तो सगळं स्वतः करतो आणि बाकीचे झोपतात. (मी तिथे सेक्रेटरी आहे.)

"आणि कॅल्शियमच्या गोळ्या कोणी सुरू केल्या?" डॉक्टरांनी विचारलं. सुलूने नुसतं बोट दाखवलं.

"म्हणजे हे माझ्यामुळे झालं?"

"नाही. मूळ दुखणं ग्रंथीचं. तुम्ही वरून भर घातलीत. आता सगळ्या गोळ्या बंद."

"आणि माझं विसरणं?" सुनंदाने विचारलं.

"कॅल्शियम वाढलं की असं होऊ शकतं. ग्रंथी काढल्यावर बऱ्याच जणांचं सुधारतं. पण आधीच खात्री देणार नाही."

ती खात्री मिळेना म्हणून मी, ज्याने आयुष्यभर नवसांची टिंगल केली, ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या कोपऱ्यातल्या गणपतीपुढे चपला काढून उभा राहिलो. ग्रंथी निघाली. ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेर आले, "छान झालं," म्हणाले आणि गोळ्यांची चिठ्ठी हातात दिली. वाचली. कॅल्शियम!

"डॉक्टर, परत?"

"हाडं आता आपलं परत घेतायत, म्हणून रक्तातलं खाली जातं. काही दिवस लागेल."

मी सत्त्वाचा डबा शेजारी देऊन टाकला होता, तो परत मागायचा विचार बोलून दाखवला. सुलूने फक्त भुवई वर केली.

सुधारणा काही एका रात्रीत झाली नाही. कित्येक आठवडे सुनंदा "बरं" म्हणत राहिली आणि प्रत्येक "बरं"ला मी उठून गॅस बंद आहे ना ते पाहून येई. मग एका संध्याकाळी मी पेटी उघडली.

"अहो."

"काय गं?"

"बंद करा ते. आणि हा सोफा इथे कोणी आणला?"

मी तो सोफा एकट्याने जागेवर ओढत नेला. कंबर धरली, तरी इतक्या आनंदाने मी दुसरं काही कधी ओढलेलं नाही. पाटल्यांचं भांडण रीतसर सुरू झालं. सुलू पलीकडून ओरडत होती आणि मध्येच रडत होती. रविवारी मार्केटमध्ये सुनंदाने भाव ऐकून "काय सोन्याची आहे का?" म्हटलं, तेव्हा हिराबाईने पदर खोचला आणि वरून चार मांदेल्या फुकट घातल्या. डॉक्टरांचे, सुलूचे, त्या वर जाणाऱ्या बाणाचे उपकार मी विसरणार नाही. विसरायला लागलो तर सुनंदा आठवण करून देईल. तिला आता सगळं आठवतं, माझं भाषणसुद्धा.

तिच्या आग्रहाखातर परवा माझंही कॅल्शियम तपासलं. नॉर्मल आहे. माझ्या स्वभावाला वैद्यकीय कारण सापडलेलं नाही.