छावणीतली लस

फिनेलचा वास आला की दुष्काळातली घोडेगावची गुरांची छावणी आठवते. नगरहून आलेला डॉक्टर म्हणाला, निम्म्या गुरांना साथीवरची नवी लस टोचू, निम्मी तशीच ठेवू, कुठली जास्त दगावतात ते बघू. मामंजी माझ्या कानाशी म्हणाले, "बैल न्हाई द्यायचा. ती भाकड म्हस दे." सगळ्या छावणीनं तेच केलं, मरायला टेकलेली गुरं टोचायला पुढं ढकलली. त्यातली बरीच उपासानंच मेली. डॉक्टरनं दोन्हीकडची टक्केवारी मांडली, लस कुचकामी ठरवली आणि पेटी उचलून गेला. पुढं खरी साथ आली. आमचा राखलेला बैल तडफडून गेला. शेजारी आमची ती टोचलेली भाकड म्हैस रवंथ करत उभी होती. आजही कुणी टक्केवारी तोंडावर फेकली, की मी विचारते, टोचायला कुणाला पुढं ढकललं होतं?