साफ जखम आधी

सांवेरच्या मोटारीचा कंडक्टर मी शिकवते त्या शाळेच्या फाटकाशी येऊन एवढंच म्हणाला, "सिस्टरजी नहीं रहीं, बहनजी. कल दोपहर को..." त्याला पाच आठवडे झाले. शोकसभेत जो तो कुसुममावशींच्या शांत स्वभावाबद्दल बोलला. शांत कसल्या? त्या शांत नव्हत्या, आणि मी तर मुळीच नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मध्यभारत राज्य नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट. माझे वडील, आप्पा, सायकलवरून पडले आणि गुडघ्याचं ऑपरेशन होऊन इंदूरच्या एका दवाखान्यात होते. टाके अगदी साफ. कुसुममावशी त्या वॉर्डाच्या सिस्टर. ड्रेसिंगची त्यांची रीत ठरलेली: साफ जखमा आधी, पू झालेल्या शेवटी, आणि प्रत्येक खाटेला उकळलेला वेगळा चिमटा. पेशंटसुद्धा आपापला नंबर ओळखून असत. मग कुणा जहागीरदाराचे मेहुणे पाठीवर पिकलेला फोड घेऊन आले, आणि मोठे डॉक्टरसाहेब म्हणाले, यांचं पहिलं. मावशींनी परोपरीने सांगून पाहिलं. साहेबांनी स्वतःच चिमटा उचलला, मेहुण्यांचा पू काढला आणि त्याच चिमट्याने, त्याच हातांनी शेजारच्या खाटेवरच्या आप्पांची पट्टी सोडली. मी पायथ्याशी उभी होते. चौथ्या दिवशी जखमेला वास आला. महिन्याभरात पाय मांडीपासून कापावा लागला.

चौकशी झाली. साहेबांनी लिहून दिलं, सिस्टरची हयगय. झालं! मावशींची रवानगी सांवेरच्या डिस्पेन्सरीत. तरी दर रविवारी मोटारीने आमच्या घरी येऊन त्या आप्पांची जखम धूत आणि बाकीच्या दिवसांसाठी मला शिकवत. मिठाचं पाणी कोमट हवं, पुसायचं ते आतून बाहेर, एकदा फिरवलेला बोळा पुन्हा लावायचा नाही. पहिल्यांदा ती जखम पाहून मी रडू लागले, तर म्हणाल्या, "रड नंतर. आधी हात धू."

काही वर्षांनी साहेबांच्याच मानेमागे काळपुळी झाली. साखरेचा आजार, जखम भरेना. इंदुरात सगळे उपाय थकले तेव्हा मावशींना आणायला ड्रायव्हर गाडी घेऊन सांवेरला गेला. मला हे कळलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली, खोटं कशाला बोलू? मावशींनी निरोप धाडला, डिस्पेन्सरी आठला उघडते, साहेबांनी यावं. ते आले. दिवाळीची सुट्टी होती, मी तिथेच होते. साहेब सरळ टेबलाशी गेले. मावशींनी मानही वर केली नाही.

"साफ जखम आधी, साहेब. तुमची पुवाची. बाकावर बसा."

तीन आठवडे रोज ते बसले. विळ्याने कापलेली बोटं, काटे मोडलेले पाय, चुलीवर पोळलेल्या बायका, सगळ्यांचं आटोपल्यावर, पार दुपारी त्यांचा नंबर. मी समोर बसून बघायची. फार बरं वाटायचं! एकदा मावशींच्या कानाशी लागले, जरा जोरात दाबा की. त्यांनी असं काही पाहिलं, की मी गुपचूप बाहेर जाऊन बसले. जखमेला त्यांनी एकाही दिवशी जास्तीचा धक्का लागू दिला नाही.

जखम भरली त्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे कोरा कागद आणि दौत-टाक ठेवला. म्हणाल्या, "चौकशीत लिहिलंत ते खोटं होतं, एवढं लिहा."

"जाऊ द्या हो बाई, जुनं कशाला उकरता," म्हणत साहेबांनी कॉलरचं बटण लावलं आणि गाडीत बसले.

कागद तसाच राहिला. दर रविवारी मावशी चप्पल काढता काढता विचारायच्या, साहेबांकडून काही आलं का गं? शेवटच्या रविवारीही विचारलं... माझ्याच्याने 'नाही' म्हणवलं नाही.

साहेब, तुम्ही पेपरातलं हे पान वाचता, मला ठाऊक आहे. आता जरा हात मानेमागे न्या. वण गुळगुळीत लागतो ना? बाईंच्या हातचं काम आहे ते. हयगय करणाऱ्या हातांनी असं काम होत नाही, हे तुम्हाला चौकशीच्या दिवशीही कळत होतं. तुम्ही शंभर वर्षं जगा, साहेब. आणि रोज आंघोळ करताना तो वण तुमच्या हाताला लागू दे.