कॅम्प पाचमधलं जपानी ताट

ठरवलं म्हणजे ठरवलं. आमच्या दोघींच्या आयांना एका टेबलावर जेवायला बसवायचंच. मी बदलापुरातल्या बेलवलीची, वनिता जवळच्याच सोनिवलीची. नव्वदच्या दशकात आम्ही अंबरनाथला आनंदनगरच्या एकाच कारखान्यात पॅकिंगला होतो. माझी आई वनिताकडे कितीदा तरी गेली, पण पाण्याचा घोटही न घेता परत आली. वनिताची आई दुखावली होती. "त्यांना आमचा चालत नाय," असं ती लेकीला म्हणायची. आईला विचारलं की ती विषय बदलायची. मला दोघींचाही राग यायचा.

तेवढ्यात उल्हासनगरात कॅम्प पाचला नवं हॉटेल निघाल्याचं कळलं. पाटीवर 'जपानी', आणि सगळ्यांत मिळून एकच मोठं ताट. जिथे जपानी टेपरेकॉर्डर गल्लीत बनायचे, तिथे जपानी जेवणाला कोण अडवणार? दरही आमच्या ओव्हरटाइमला झेपणारे होते.

रविवारी बदलापूरहून एसटीने अंबरनाथ गाठलं आणि पुढे रिक्षा केली. रस्ता सगळा खड्ड्यांचा. मी ड्रायव्हरशेजारी, मागे वनिता आणि दोन्ही आया.

हॉटेल छोटं पण चकचकीत होतं, छताला लाल कागदी कंदील. सिंधी मालक स्वतः ताट घेऊन आला. भात, कोबी घातलेल्या शेवया, तळलेली कोलंबी, काळसर सॉस. "जापानी स्टाइल है, मांजी. बीच में रखो, सब मिलके खाओ."

आईने हात मांडीवर ठेवले. वनिताची आई तिच्याकडे बघून पुटपुटली, "ती घेल तवाच मी घेन." वनिता वाढायला उठली, तर मी तिला हात धरून खाली बसवलं. आपण वेगवेगळं वाढलं असतं, तर एका ताटात जेवणं राहूनच गेलं असतं. भाताची वाफ विरली, मालक दोनदा डोकावून गेला.

शेवटी आई हळूच म्हणाली, "तुम्ही आधी काढून घ्या. माझा हात लागला, की मग तुम्हाला..."

 देशावरच्या तिच्या गावात लहानपणी तिला पाणी वरून, ओंजळीत मिळायचं. धम्म घेतला, गाव सुटलं, बदलापुरात स्वतःचं घर झालं, पण हात अजून मागेच राहायचा. मला रडू आलं आणि चीडही आली.

वनिताची आई तिच्याकडे वळली. "म्हंजे आमचे घरान पन याच्यासाठीच?"

आईने मान डोलावली.

"आन मी समजतंय, तुमाला आमचा चालत नाय." तिने ताट आईपुढे सरकवलं. "लाव हात, बाय. सगल्या ताटाला लाव. मंगच मी जेवन."

आईने कोलंबी उचलली. तिच्या बोटांलगतचीच दुसरी वनिताच्या आईने घेतली, चावली आणि म्हणाली, "याच्यापरीस आमचा सुका म्हावरा बरा." आई तोंडाला पदर लावून हसली. ताटात शीतही उरलं नाही.

तिकडे जायचा बेत करत असाल, तर ते हॉटेल शोधू नका, केव्हाच बंद झालं. पुढे मुंबईत मी खरं जपानी जेवण जेवले. त्यात नि यात काडीचं साम्य नव्हतं. त्या ताटाची चवही आता नीटशी आठवत नाही. घरी आल्यावर उंबऱ्यात चपला काढताना आई जे बोलली, ते मात्र राहिलंय.

"वनिताकडे मला दर वेळी भूक लागायची गं."