जगदाळेच्या टाचेवरचा डाग

माझी शेवटची पोस्टिंग जयपूरची. पेन्शन झाली आणि मी प्रताप नगरात घर केलं. आमच्या प्लाटूनचा रेडिओ ऑपरेटर नाईक जगदाळे दोन गल्ल्या सोडून राहायचा. मी साताऱ्याकडचा, चौथी पास. पण पायांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. प्लाटून हवालदार होतो.

रूट मार्च संपला की फूट इन्स्पेक्शन. दिवसभर वाळवंटातली वाळू तुडवून जवान बूट-मोजे काढून रांगेत बसायचे. मी एकेक पाय हातात घेऊन बघायचो. फोड, कुरूप, चिखल्या. आधी पाय, मग रायफल. पेन्शनीतही ही सवय सुटली नाही. दर रविवारी सकाळी सहाला पार्कात आम्ही सहा फौजी जमायचो. चालून झालं की मी ओरडायचो, "बूट उतार!" हसायचे, पण उतरवायचे.

गेल्या उन्हाळ्यात जगदाळेच्या डाव्या टाचेवर काळा डाग दिसला. हरभऱ्याएवढा. कडा वाकड्यातिकड्या, एका बाजूला तपकिरी.

"हे काय रे?"

"कुरूप असंल, हवालदारसाहेब. तुमीच सांगा."

"कुरूपच."

ब्लेड तापवून मी वरचं कातडं तासलं. महिन्यानं डाग वाढला. पुन्हा तासलं. तिसऱ्यांदा रक्त थांबेना. त्याची बायको सुमन म्हणाली, "भावजी, डॉक्टरला दाखवू या."

"वहिनी, मी अख्ख्या प्लाटूनचे पाय बघितलेत."

जगदाळेनं मान डोलावली. विषय संपला.

दिवाळीत त्याच्या जांघेत गाठ आली. मग मिलिटरी हॉस्पिटल. तुकडा काढून तपासला. मेलानोमा. कातडीचा कॅन्सर.

डॉक्टर मेजर मॅडम नागपूरच्या. सकाळी अकराला मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"मॅडम, एकच विचारायचंय. माझ्या ब्लेडनं झालं का?"

"बसा, काका."

"उभाच बरा आहे."

त्या म्हणाल्या, कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. ऊन लागलं की त्या जास्त रंग तयार करतात आणि कातडीवर सावली धरतात. त्यातलीच एक बिघडते आणि बेलगाम वाढत जाते. गोऱ्या लोकांत हा कॅन्सर बऱ्याचदा उन्हानं होतो. लहानपणी उन्हात कातडी भाजलेली असली, अंगावर पुष्कळ तीळ असले, घरात कुणाला झालेला असला, तरी धोका वाढतो.

"म्हणजे वाळवंटातलं ऊन?"

"टाचेला ऊन कुठं लागतं, काका? आपल्या सावळ्या लोकांत हा बऱ्याचदा तळव्यावर, तळहातावर, नखाखाली निघतो. का, ते अजून नीट कळलेलं नाही. दाब पडून, मार लागून होत असावा अशी शंका आहे. पक्कं नाही. ब्लेडनं झाला असं मी म्हणणार नाही. डाग आधीच होता." मग म्हणाल्या, "उशीर मात्र झाला."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. हाताच्या कातडीकडे बघत राहिलो. वाळवंटातल्या पोस्टवर उन्हात रायफलीची नळी धरवत नव्हती, तेव्हा रंगाच्या पेशींचे हे एवढे संत्री, पहारेकरी, माझ्या अंगावर उभे होते. कुणी ड्युटी लावली नव्हती. मला पत्ताही नव्हता. आणि जिथं सूर्य कधी पोचला नाही, त्या बुटाच्या आत एक संत्री आपल्यावरच उलटला. हरभऱ्याएवढ्या जागेतून त्यानं जगदाळेसारखा धिप्पाड गडी पाडला. एवढं अफाट काही मी सीमेवरही बघितलं नव्हतं.

वॉर्डात जाऊन जगदाळेला सगळं सांगितलं. उशीर माझ्यामुळं झाला, हेही.

"मेसेज मिळाला," तो म्हणाला. "हवालदारसाहेब, उजवा पाय राहिला की. तो बघा."

मी चादर सारली. तळवा, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं बघितलं.

"ठीक."

"रॉजर."

माघात जगदाळे गेला. तो गोळीनं पडला नाही, त्यामुळं कुठल्या स्मारकावर त्याचं नाव येणार नाही. म्हणून इथं लिहिलं.

अजूनही रविवारी सहाला पार्कात हजेरी होते. पहिलं नाव जगदाळे. उत्तर यायला लागावा तेवढा वेळ आम्ही सावधान उभे राहतो. मग बूट उतार. नवा डाग, वाढणारा डाग, वाकड्या कडांचा डाग दिसला की सरळ हॉस्पिटल. ब्लेड मी टाकून दिलं.

पहिले बूट मी काढतो. आता सुमनवहिनीही रविवारी येतात; माझे पाय त्या बघतात. चष्मा लावून, दोन्ही हातांत धरून, उजेडाकडे वळवून.

त्या घाई करत नाहीत.