साखरेच्या राजधान्या

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने निदान त्या गावाला जाऊन आलेले असावे. मी आर्मेनियात पाऊलही ठेवलेले नाही. माझा सारा प्रवास लंडनमधले हॅरो ते मँचेस्टर आणि परत, तोही दोनदा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्यामुळे हातात लेखणी धरली की आपण आगाऊपणा करतो आहोत असे वाटत राहते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझे गाव देवगिरीच्या पायथ्याशी. वडील किल्ल्याच्या दाराशी पेरू विकतात. एका सुलतानाने दिल्लीहून राजधानी उचलून आमच्या गावात आणली आणि पुन्हा परत नेली, ही गोष्ट मी लहानपणी गिऱ्हाइकांना रंगवून सांगत असे. पुढे शिष्यवृत्ती मिळून लंडनला आलो आणि प्रबंधासाठी विषय शोधताना आर्मेनियन लोकांच्या राजधान्या समोर आल्या. आमच्याकडे एकदाच हलली. यांची हलतच राहिली. अर्मावीर, येर्वंदाशात, अर्ताशात, द्विन, कार्स, आनी. नकाशावर बोट ठेवावे तर ते पुढे सरकलेच पाहिजे.

१९८८च्या शरद ऋतूत मी प्राध्यापकांना म्हणालो, "मला ही गावे पाहायची आहेत."

"व्हिसा मिळेपर्यंत तुमचे वर्ष संपेल," ते म्हणाले. "आनी तर सीमेपलीकडे, तुर्कस्तानात. तुम्ही मँचेस्टरला जा." आणि त्यांनी आझ्निव नावाच्या एका बाईंचा पत्ता दिला.

युस्टन स्थानकातून गाडी सुटली तेव्हा मला बसवत नव्हते. दोन डब्यांच्या मधल्या जागेत उभा राहून मी प्रश्न पाठ करत होतो. बाहेर ओल्या कुरणांत मेंढ्या, मग कालवे, मग काजळलेल्या विटांच्या गिरण्या. कापडाच्या व्यापारासाठी आर्मेनियन व्यापारी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या शहरात आले होते. आझ्निवबाई बैरुतहून लग्न करून अशाच एका कापडवाल्याच्या घरी आल्या. आता एकट्याच राहत होत्या.

दार उघडताच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "भारतातून येऊन आमच्या राजधान्या मोजतोस? तुमच्याकडे कमी पडल्या का?"

त्या हसल्या. "बस, होकीस (माझ्या जिवा). आधी खा."

लवाश (पातळ, मऊ रोटी) होती, चीज होते, लोणच्यातला कोबी होता. लवाश पाहून मला घरी खापरावर भाजतात त्या मांड्यांची आठवण झाली. खाऊन झाल्यावर त्यांनी साखरेच्या वड्यांचे भांडे पुढे ओढले आणि टेबलावर एक चमचा आडवा ठेवला.

"ही अरॅक्स नदी. हे अर्मावीर," त्यांनी एक वडी ठेवली. "नदीनं पात्र बदललं, राजा उठला." दुसरी वडी. "इथं दलदल, डास. पुन्हा उठला." तिसरी. "आणि हे द्विन."

"द्विन भूकंपाने उद्ध्वस्त झाले," मी घाईने म्हणालो. हे वाक्य माझ्या प्रबंधात तसेच होते.

"एका वाक्यात?" त्या म्हणाल्या. "परीक्षेत ठीक आहे."

शेवटची वडी त्यांनी दुसऱ्या, लहान चमच्याच्या पलीकडे ठेवली. "ही आनी. मध्ये अखुरियन नदीची दरी. अलीकडे आम्ही, पलीकडे आमचीच देवळं." त्यांचा भाऊ हाकोब बैरुतहून बोटीने सोव्हिएत आर्मेनियात परतला होता. लेनिनाकानला शाळेत इतिहास शिकवत होता. दर वसंतात सीमेवरचा परवाना काढून तो आपला वर्ग दरीच्या काठावर नेतो आणि पलीकडची आनी दाखवतो. "उन्हाळ्यात चल माझ्याबरोबर. तुलाही वर्गात उभं करेल."

मग त्यांनी सगळ्या राजधान्या मुठीत गोळा केल्या, जझ्वेत (लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात) टाकल्या आणि त्यावर कॉफी उकळली. "घे. पिऊन टाक. प्रबंधापेक्षा पोटात बऱ्या टिकतील."

पिऊन झाल्यावर भविष्य पाहायला कप बशीवर पालथा घालायचा. तळाच्या गाळात त्यांनी माझा प्रवास पाहिला. "डोंगर दिसतात," म्हणाल्या. परतताना मी हवेत होतो.

डिसेंबरात भूकंपाने लेनिनाकान कोसळले.

हॅरोला मी डॉक्टरकाकांच्या घरी भाड्याने राहतो. त्यांच्या टीव्हीवर मी ते शहर पहिल्यांदा पाहिले: ढिगारे, बर्फ, शेकोट्या. शाळा भरलेल्या असताना धक्का बसला होता. मँचेस्टरला फोन लावला की एंगेज. अभ्यास होईना, जेवण जाईना. शेवटी सरळ तिकीट काढले.

काकूंनी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा भरला आणि पुन्हा रिकामा केला. "नको, गोड नको नेऊस. दुखवट्याच्या घरी चहासुद्धा घ्यायचा नसतो, लक्षात ठेव."

"अगं, अजून काही कळलंय का?" काका म्हणाले.

"कळायचं काय राहिलंय? बघताय ना टीव्हीवर."

या वेळी दार उघडेच होते. फोन टेबलावर, साखरेच्या भांड्याशेजारी. आझ्निवबाईंनी मला बसवले, आत गेल्या, कॉफी घेऊन आल्या.

"मला नको," मी म्हणालो.

"का?"

"आमच्याकडे अशा घरी काही घेत नाहीत."

"अशा म्हणजे कशा?"

मी फोनकडे पाहिले. त्यांनी कपबशी माझ्यापुढे सरकवली.

"मोजायला आलास, तसा पुरायलाही आलास? चाखून बघ. आमच्यात मयताची कॉफी कडू करतात. मी हिच्यात साखर घातली आहे. फोन वाजेपर्यंत या घरात साखरच पडणार."

मी प्यालो. पाकासारखी गोड होती. तरी तळापर्यंत संपवली आणि मागच्या वेळेसारखा कप पालथा घातला. त्यांनी तो लगेच सुलटा केला आणि आत न पाहता नळाखाली धरला.

संध्याकाळपर्यंत बसलो. फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा विचारणारेच होते. निघताना त्या म्हणाल्या, "कळलं की तुला सांगेन."

परतताना लंडनच्या मेट्रोपॉलिटन गाडीत डोळा लागला आणि हॅरो मागे गेले. मूर पार्कला उतरून उलट्या गाडीची वाट पाहत थंडीत फेऱ्या मारल्या. राजे राजधानी हलवत तेव्हा देव आणि खजिना बरोबर नेत. बाकीच्या माणसांचे काय होई, हे मी कुठेच लिहिले नव्हते. द्विनचे ते वाक्य त्या दिवसापासून वहीत खोडलेले आहे. त्याच्या जागी काय लिहावे हे अजून सुचलेले नाही.

नंतर किती वेळा फोनजवळ घुटमळलो ते काकूच सांगतील. बर्फ पडले, वितळले. एक दिवस ग्रंथालयातून आलो तर काकू दारातच उभ्या.

"अरे, त्या बाईंचा फोन आला होता! भाऊ सापडला. अगदी सुखरूप आहे म्हणे."

मी हातातली पुस्तके जिन्याच्या पायरीवर ठेवली.

"वसंतात कुठल्याशा दरीवर सहल न्यायची, त्याचा परवाना काढायला गेला होता. कचेरीबाहेर रांगेत उभा होता म्हणून वाचला. वर्गातली मुलं मात्र शाळेतच होती." काकूंनी दार लावून घेतले. "आणि तुला मुद्दाम सांगायला सांगितलंय, आज कॉफी कडू केली आहे. असं का रे म्हणाल्या त्या? भाऊ तर वाचला ना?"