पाणी प्यायला जाणाऱ्या मुलीवर मावशींची पाळत

आमच्या शाळेच्या शिपाईमावशींच्या पोटात बातमी राहत नसे. कुणाच्या डब्यात काय, कुठल्या सरांचं घरी भांडण झालंय, सगळं त्यांना ठाऊक. शिक्षकांच्या खोलीत लोक नावं ठेवत. मीही ठेवली, आणि बातम्याही मिटक्या मारत ऐकल्या.

सहावीत एक मुलगी होती. बोलायला लागली की पोपट लाजेल, पण पेपर कोरा. वर्गशिक्षिकांनी ठरवलंच होतं, हिला पुन्हा सहावीतच बसवायचं. शनिवारी निकालावर मुख्याध्यापिकांची सही व्हायची होती.

मावशींचं स्टूल पाण्याच्या नळाशेजारी. त्यांच्या लक्षात आलं, या पोरीला तहान लागते ती फक्त भाषेच्या तासाला! लावली पाळत. त्या तासाला मुलं ओळीनं एकेक परिच्छेद मोठ्यानं वाचत. ही आपल्या पुढची डोकी मोजायची आणि दोघंच उरली की उठायची, "बाई, पाणी!" परत यायची ती पाळी टळल्यावरच.

शुक्रवारी मावशी थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत. त्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं, तशा तिथंच बसलेल्या वर्गशिक्षिका फणकारल्या.

"आता मुलं तुम्ही तपासणार का मावशी?"

"तपासते कुठे बाई? नुसती बघते. तुमचं तोंड फळ्याकडे, माझं दाराकडे."

मुख्याध्यापिकांना हसू फुटलं, पण मुलीला त्यांनी बोलावलंच. दोन ओळी वाचताना पोरीला घाम फुटला. मग त्यांनी तोच परिच्छेद स्वतः वाचून दाखवला, तर तिनं सगळा अर्थ सांगितला, वर दोन प्रश्नही विचारले! सही तिथंच थांबली.

आईवडिलांना बोलावलं. डोळे, कान तपासले, दोन्ही ठणठणीत. मग शिकण्यातल्या अडचणींच्या तज्ज्ञ बाईंनी दोन सकाळी चाचण्या घेतल्या आणि सांगितलं, "बुद्धी तल्लख आहे. हा डिस्लेक्सिया. अक्षरं ओळखून वाचणं हिला फार जड जातं. पेपर वाचून दाखवा, वेळ जास्त द्या, उत्तरं तोंडी घ्या. वाचन वेगळ्या पद्धतीनं, सावकाश शिकवू."

"म्हणजे आळशी नाही ती?" वडिलांनी तीनदा विचारलं.

फेरपरीक्षा ठरली. विज्ञानाचा पेपर वाचायला वर्गशिक्षिका स्वतः बसल्या, उत्तरं लिहून घ्यायला चित्रकलेचे सर. अर्धवट उघड्या दाराला मावशींचा कान, आणि खोटं कशाला बोलू, मावशींच्या मागे माझाही.

पहिलं उत्तर अडखळत आलं. दुसरं धडाधड. पाचव्या प्रश्नापर्यंत गाडी अशी सुटली की सरांची लेखणी मागे पडली.

"अगं, थांब! हात मोडेल माझा!"

"तुम्ही लिहा सर, मी थांबते. बाई, तोवर पुढचा प्रश्न सांगून ठेवा ना!"

वर्गशिक्षिकांनी पेपर बाजूला ठेवला. चष्मा काढून पुसला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "सांगते. पण हे पेपरात नाही हं, सातवीच्या पुस्तकातलं आहे. येतंय का बघू."