क्लचवरचा पाय
आमच्या ऑफिसात डबे उघडले की वादही उघडतो. एके दुपारी विषय निघाला सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांचा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ही सोय असते. गाडी थांबली की इंजिन स्वतःहून बंद, निघायच्या वेळी स्वतःहून सुरू. पेट्रोल वाचावं, धूर कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे, पण तेवढ्यावर गप्प बसेल तो नागपूरचा माणूस कसला!

"मी तर सीटबेल्टच्या आधी ते बटन बंद करतो," माझ्या समोर बसणारा सहकारी म्हणाला. "मे महिन्यात सिग्नलले इंजिन बंद झालं की एसी गरम हवा फेकते. पेट्रोल वाचवू का जीव वाचवू?" दुसऱ्याला बॅटरीची काळजी होती. आमच्यातल्या काही जणांना मिहानच्या या ऑफिसात आणून सोडणारा टॅक्सीवाला तिथेच पाणी भरायला आला होता. तो म्हणाला, "मालक गाडीत असला की ते बटन चालू ठेवतो, उतरला की बंद." फक्त माझ्या शेजारच्या मैत्रिणीने त्या सोयीची बाजू घेतली. "मले तर आवडते बाप्पा. घरी लेकरं, इथं साहेब. दिवसभरात तेवढंच एक मिनिट शांत भेटते."

मी म्हटलं, माझ्या गाडीत नाही ही भानगड. मैत्रिणीने माझी गाडी कोणती ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. "आहे न तुझ्याही गाडीत! सिग्नलवर न्यूट्रल करतेस का?"

"नाही."

"क्लचवरून पाय काढतेस?"

"नाही."

"मंग कशी बंद होईल? न्यूट्रल करून पाय काढला तरच बंद होते ते."

सगळे हसले. मीही हसले. सिग्नलवर पहिला गिअर टाकून, क्लच दाबून, शर्यतीला उभी असल्यासारखी मी थांबते. ही सवय वाईट आहे, क्लचप्लेट जळते, हे मला पाठ आहे. कारण ते मला वीस वर्षं ऐकवणारा माणूस माझ्याच घरात आहे. माझे बाबा. आयुष्यभर त्यांनी ट्रक चालवला. शहराबाहेरच्या वाडी भागातल्या गोदामांतून माल भरायचा आणि अमरावती रोडने बाहेर पडायचं. त्यांच्या हाताखाली किती जण गाडी शिकले, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी वर्धा रोडच्या सिग्नलवर मी मुद्दाम न्यूट्रल केलं आणि पाय उचलला. इंजिन बंद. माहीत असूनही क्षणभर वाटलं, गाडी बंद पडली. क्लच दाबला, तशी गाडी गुपचूप सुरू झाली. मागच्याने हॉर्न वाजवला, मी निघाले, आणि दुसरा गिअर टाकता टाकता मला बाबा आठवले. पुढे जाऊन गाडी कडेला घ्यावी लागली.

बाबा दर रविवारी माझी गाडी घेऊन वाडीला जात. तिथल्या चहाच्या टपरीवर त्यांचे जुने सोबती जमत. गाडी नवी घेतली तेव्हाही त्यांचा हा नेम सुरू होता. नवी गाडी तीनचार रविवार त्यांनी नेली असेल. मग एका रविवारी ते नेहमीपेक्षा लवकर परतले, टेबलावर चावी ठेवली आणि म्हणाले, "आता तूच चालवत जा. मले कंटाळा येते." वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी येतही असेल कंटाळा. मी चावी उचलून खुंटीला लावली. त्यानंतर ते वाडीला गेलेच नाहीत. बसने जा म्हटलं तर गुडघा दुखायचा, मी सोडते म्हटलं तर ऊन लागायचं. दीड वर्ष हे असंच चाललं होतं. पेपर वाचायचा, बाल्कनीत बसायचं, माझ्यासोबत निघाले तर डावीकडे बसून समोर बघत राहायचं. मला क्लचवरून बोलणंही त्यांनी बंद केलं होतं, आणि मला वाटत होतं, बाबा निवळले.

घरी आले तेव्हा ते टीव्हीसमोर होते.

"बाबा, वाडीले जाणं तुम्ही काहून बंद केलं?"

"कंटाळा."

"गाडी बंद पडत होती का, सिग्नलवर?"

त्यांनी रिमोट खाली ठेवला. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला, आणि मला नको तो प्रश्न विचारल्यासारखं वाटलं. म्हणाले, "पहिल्याच रविवारपासून पडत होती. त्या दिवशी तीन वेळा पडली. दोनदा रस्त्यात, अन् तिसऱ्यांदा वाडीच्या चौकात. टपरीसमोर. सगळे पाहून राहिले होते."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मला कधीच माहीत नव्हती. त्यांच्या ड्रायव्हरांत एक रीत होती. चौकात गाडी बंद पाडली, की त्या माणसाने त्या दिवसापुरतं स्टेअरिंग सोडायचं आणि डावीकडे, क्लीनरच्या जागेवर बसायचं. वाद घालायचा नाही. म्हातारा ड्रायव्हर वारंवार गाडी बंद पाडू लागला, की म्हणायचे, याचा पाय गेला. बाबांनी कितीतरी जणांना तसं उठवलं होतं. त्या सकाळी टपरीवरचे सोबती काही बोलले नाहीत, नुसता चहा पुढे केला. "कोणी हसलं असतं तर चाललं असतं," बाबा म्हणाले. "कोणी हसलंच नाही."

मी त्यांना हाताला धरून खाली पार्किंगमध्ये नेलं. ते सवयीने डावीकडे बसले. बाहेरचा एक फेरा मारून फाटकापाशी मी थांबले, न्यूट्रल केलं, पाय उचलला. इंजिन बंद झालं. त्यांचा हात झटकन चावीकडे आला आणि मला सगळं समजलं. गाडी बंद पडली की आधी चावी फिरवायची, हे त्यांच्या हाडात होतं. गाडी स्वतःहून सुरू होते, हे कळायला त्यांनी तिला वेळच दिला नव्हता.

"थांबा," मी म्हटलं आणि क्लच दाबला. गाडी सुरू झाली.

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. डॅशबोर्डवर एक हिरवा दिवा लागत होता, त्यांनी तो चष्मा लावून पाहिला.

"तुझ्या हातात कधीच नाही पडली बंद. मी रोज पाहत होतो."

"मी क्लचवरून पाय काढतच नाही, बाबा. तुम्ही नियमाने काढता, म्हणून तुमच्याच हातात बंद होते."

ते हसायला लागले. इतके हसले की त्यांना खोकला आला. "म्हणजे ज्याले येते, त्याच्याच हातात बंद पडते? कोणत्या गाढवानं बनवली वं ही गाडी?" एवढं बोलून ते उतरले आणि उजवीकडे येऊन उभे राहिले. मी सरकून जागा दिली. त्यांनी सीट मागे घेतली, आरसा आपल्यापुरता केला आणि कॉलनीला दोन चकरा मारल्या. प्रत्येक वळणापाशी थांबले, पाय उचलला, इंजिन बंद होऊ दिलं, पुन्हा सुरू केलं. माझा आनंद मावत नव्हता. रविवारी वाडीला जायचं, सगळ्यांना हे करून दाखवायचं, असं मी काहीबाही बोलत होते.

पार्किंगमध्ये परत आल्यावर त्यांनी चावी काढली, पण उतरले नाहीत.

"मी चावी ठेवली, तेव्हा तू एकदाही विचारलं नाही. काहून?"

खोटं बोलता आलं असतं. ऑफिसचं काम, धावपळ, काहीही. पण दर रविवारी ते परत येईपर्यंत माझे कान फोनकडे असायचे, आणि चावी खुंटीला लावताना मी सुटकेचा श्वास सोडला होता, हे मला नीट आठवत होतं. मी ते सांगून टाकलं. "मला बरं वाटलं होतं, बाबा. आता काळजी नाही, असं वाटलं होतं."

त्यांनी मान हलवली. रागावले नव्हते.

"मले मालूम आहे. दिसलं होतं तुझ्या तोंडावर," ते म्हणाले. "म्हणूनच तर मले वाटलं, खरंच माझा पाय गेला."